अध्यक्षांच्या कानावर

टिल्लूकाकांना काहीही सांगा, ते डोळे अर्धवट मिटतात आणि म्हणतात, "अध्यक्षांच्या कानावर घालतो." यात विचित्र काही नाही. विचित्र एवढंच, की ते हे मलाही म्हणतात, आणि आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष मीच आहे.

मी अध्यक्ष कसा झालो ते आधी सांगून टाकतो. इंग्लंडमध्ये मेडनहेडला मंडळाची वार्षिक सभा चालू होती. कार पार्कमधली वेळ संपत आली म्हणून मी गाडी हलवायला बाहेर गेलो आणि परत आलो तेव्हा हॉलमध्ये टाळ्या वाजत होत्या. त्या माझ्यासाठी होत्या हे कळायला मला बराच वेळ लागला. मूळचा मी नागपूरचा, नोकरी बेसिंगस्टोकला सॉफ्टवेअरमध्ये, आणि नेतृत्वगुण विचाराल तर घरात टीव्हीचा रिमोटसुद्धा माझ्या हातात नसतो. टाळ्या ओसरल्या तसे एक उंच, किंचित वाकलेले, सुटाबुटातले गृहस्थ माझ्या डाव्या खांद्यामागे येऊन उभे राहिले.

"मी डॉक्टर माधव टिल्लू," ते हळूच म्हणाले. "अध्यक्षांचा चीफ ऑफ स्टाफ. आजपासून तुमच्याकडे."

मंडळाची घटना मी काढून बघितली. अध्यक्ष, सचिव, खजिनदार, संपलं. पण काकांचं म्हणणं असं, की मोठमोठ्या देशांत राष्ट्राध्यक्षाला कोण भेटणार, किती मिनिटं भेटणार, कुठला कागद त्याच्यापुढे जाणार हे सगळं एक माणूस ठरवतो, आणि त्या माणसाचा फोटो कुठेच येत नाही. "अध्यक्ष देश चालवतो," काका म्हणत, "पण अध्यक्षाला कोणीतरी चालवावं लागतं ना."

काका इथल्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर होते. उभी हयात पेशंटच्या उशाशी बसून काढलेली. सर्जनचं नाव झालं, काकांच्या वाट्याला लोकांची झोप आली. आवाज अजून तोच राहिला, मऊ आणि लांबून आल्यासारखा. ते कार्यक्रमपत्रिका वाचायला लागले की समितीतले दोघे-तिघे तरी डुलकी घेतात, आणि जाग येते तेव्हा ठराव मंजूर झालेला असतो. माझ्या पहिल्या भाषणाआधी त्यांनी विंगेत माझं मनगट धरलं, घड्याळाकडे बघत नाडी मोजली आणि म्हणाले, "एकशे दहा. इतक्यात पाठवत नाही." मला तिथे खुर्चीवर बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि दहापासून उलटे आकडे मोजायला लावले. चारपर्यंत मी चक्क नागपूरच्या आमच्या अंगणात जाऊन पोचलो होतो. भाषण काय केलं ते आठवत नाही, पण लोक चांगलं म्हणाले.

मंडळाचा फोन काकांकडे असतो. माझा मोबाइल बंद होता म्हणून एकदा बायकोने मंडळाच्याच नंबरवर फोन केला. काकांनी विचारलं, "विषय काय?" ती म्हणाली, "काका, मी ऋचा बोलतेय. येताना दूध आणायला सांगा त्याला." काकांनी तिला शनिवारी पावणेअकराची वेळ दिली.

इथवर ठीक होतं. पण मी घेतलेले निर्णय दुसऱ्या दिवशी बदललेले असायचे. मी दिवाळीला बटाटेवडे ठरवले, तर काका म्हणाले, "अध्यक्षांचं मत कोथिंबीर वडीचं पडलं." मी म्हटलं, "माझं?" काकांनी वहीत वड्यांचा आकडा लिहिला. मी शाळेचा नवा हॉल ठरवला, तर बुकिंग झालं नदीकाठच्या जुन्या हॉलचं, कारण तिथे पायऱ्या नाहीत आणि म्हाताऱ्या माणसांना सोपं जातं. सगळ्यात राग याचा यायचा, की बदललेला निर्णय माझ्यापेक्षा बरा असायचा.

शेवटी आमची सचिव शिल्पा भडकली. "अरे, हा माणूस पॅरलल गव्हर्नमेंट चालवतोय. कमिटी इज फेड अप. यू आर द प्रेसिडेंट ना? मग जा आणि थँक यू म्हणून मोकळा हो." मी एक गोड पत्र लिहिलं. आपण फार श्रम घेतलेत, आता विश्रांती घ्यावी, वगैरे. फोनवर सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून रजा टाकून दुपारी त्यांच्या घरी गेलो.

घर बंद होतं. शेजारच्या इंग्रज बाईंनी नदीकडच्या केअर होमकडे बोट दाखवलं. म्हणाल्या, रोज या वेळी तिथेच असतो तो, टाय लावून.

तिथे मागच्या बाजूला काचेची लांबलचक खोली आहे. ऑक्टोबरचं ऊन पिवळं होऊन आत पसरलं होतं, बाहेर नदी चालल्यासारखी वाटत नव्हती, आणि चार-पाच म्हातारी माणसं आपापल्या खुर्चीत पेंगत होती. मलाही क्षणभर आपण जागे आहोत की नाही ते कळेना. कोपऱ्यात इरकली साडी आणि वर कार्डिगन घातलेल्या एक बाई ताठ बसल्या होत्या. काका त्यांच्यासमोर फाईल घेऊन उभे होते.

"संक्रांतीचं काय ठरलं, डॉक्टर?"

"तिळगूळ बाहेरून मागवावा असं कमिटीचं म्हणणं आहे, अध्यक्ष."

"काही नको. पोरींना बोलवा, सगळ्या मिळून वळतील. तेवढ्याच गप्पा होतात."

"बरं," म्हणत काकांनी ते लिहून घेतलं.

त्या नलिनीताई. काकांची बायको, आणि आमच्या मंडळाच्या पहिल्या अध्यक्ष. त्यांची तब्येत बरी नसते एवढंच आम्ही ऐकून होतो, आणि लाज वाटते सांगायला, पण पुढे कोणी कधी विचारलं नव्हतं. काका ज्यांच्या कानावर सगळं घालत होते त्या अध्यक्ष या होत्या.

काकांनी मला बघितलं. शांतपणे फाईल मिटली आणि मला दाराशी घेऊन आले.

"नवरा म्हणून आलो की घाबरायची," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. "परका माणूस हात धरतोय म्हणून नर्सला हाक मारायची. एक दिवस मंडळाचे जुने कागद घेऊन आलो होतो. ते बघून म्हणाली, या, बसा, काय काम काढलंत? तेव्हापासून ही नोकरी. पण तिच्याशी मी खोटं बोलत नाही. ती सांगते ते खरोखर व्हायला पाहिजे. म्हणून तुम्हाला जरा त्रास होतो."

मग माझ्या हातातल्या पाकिटाकडे त्यांची नजर गेली. आत काय आहे ते त्यांना कळलं असावं. त्यांनी विचारलं नाही. "चहा सांगून येतो," म्हणाले आणि किचनकडे गेले. मी पाकीट खिशात सारलं.

नलिनीताईंनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"तुम्ही कमिटीचे का?"

"हो."

"मग एक सांगते. आपल्यातच ठेवा." त्या पुढे वाकल्या. "हे डॉक्टर रोज येतात बघा. ऊन असो, पाऊस असो, एक दिवस चुकत नाहीत. कोण, कुठले, मला काही ठाऊक नाही. पण घरी एकटे असावेत. जायची वेळ झाली की पायात बूट घालायला फार वेळ लावतात." त्यांनी किचनच्या दाराकडे एकदा बघून घेतलं. "आता मंडळाचं मला विचारण्यासारखं तसं काही उरलं नाही, मला कळतं ते. पण तुम्ही त्यांना काढू नका. काम पुष्कळ आहे असं सांगत जा. म्हणजे ते उद्या येतील."

"हो अध्यक्ष," मी म्हटलं. "काम पुष्कळ आहे."