सात भावांची भरती

नेरुरकर काका नवी चावी बनवून आणली का ती आमच्या अख्ख्या बिल्डिंगच्या कुलपांत घालून बघतात. कुलूप उघडावं म्हणून नाय, उघडू नये म्हणून!

मला हे आधी कुठं ठाऊक? रोडपालीला राहायला येऊन आठवडा झालेला, आमचे हे द्रोणागिरीला गोडाऊनवर ड्युटीला गेलेले, आनि सकाळी दहाला दारात खरखर, खरखर. कुनीतरी चावी फिरवतंय! मी सहा महिन्यांच्या स्वराला काखेत मारली, लाटनं सापडंना म्हणून पोळपाट उचलला आनि आतूनच वरडले, "कोन हाय? माझा नवरा पोलिसात हाय!"

बाहेरून आवाज आला, एकदम खूश, "नाही ना उघडलं? छान! पुढच्या दाराला जातो."

मंग वरच्या भोईर मावशी बोलल्या, "घाबरू नको गो. डोक्यानं लय हुशार हाय, तवाच असा हाय." एकट्या मानसाला एवढ्या चाव्या कशाला लागतात, हे मात्र कुनी इचारलं नव्हतं.

काका रिटायर. बारके, शर्टाच्या खिशात कायम स्क्रूड्रायव्हर नि वही. कायपन नवीन केलं का सात ठिकानी चालवून बघायचं, ही त्यांची खोड. आवळ्याचं लोणचं घातलं तरी सात घरी वाटी जाते, आनि संध्याकाळी दारोदार फिरून इचारतात, "तुमच्याकडे चाललं?" कसं लागलं असं नाय. चाललं का!

भोईर मावशी बोलल्या, "चाललं नाय, धावलं. आमच्या मालकांना दोनदा धावायला लागलं."

काकांनी वही काढली नि लिवलं, "दुसरा मजला, अडचण."

वाटी परत द्यायला गेले तवा मी त्यांचं घर पहिल्यांदा बघितलं. सात कम्प्युटर! भिंतीला लायनीत, एकेकावर टॉवेल टाकलेला, खाली वायरींचा नुसता गुंता. मी स्वराचे दोनी हात धरून दारातच उभी.

"काका, शॉक नाय ना बसनार?"

"बसला तर मला बसेल. तू चप्पल काढू नकोस."

त्यांनी जवानीत एक प्रोग्रॅम लिवलेला हाय. भरती-ओहोटीची वेळ सांगतो. जगात कुनालापन फुकट. त्या प्रोग्रॅमलाच ते अजून सांभाळत बसलेत.

"हे सात भाऊ," काका टॉवेल काढत बोलले. "सगळे युनिक्स नावाच्या एकाच घराण्यातले, पण चुली सात. माझा प्रोग्रॅम सातही घरांत नांदला पाहिजे. आता एकाकडे मीठ डब्यात, दुसऱ्याकडे बरणीत, तिसऱ्याकडे माळ्यावर. तो बिचारा जातो, मीठ शोधतो, मिळत नाही, मरतो. मग मी त्याला शिकवतो, बाबा, या घरी माळ्यावर बघ."

हे मला पटकन कळलं. उरनवरून ओव्याला सासरी आले तवा पहिल्याच दिशी मी सगळ्यांच्या चहात मीठ घातलेलं. साखरेचा डबा समजून. मी मेले नाय, पन सासूनं बघितलं तशी अर्धी मेलेले.

घरी ह्यांना सांगितलं तर हसले. "तुझा काका कम्प्युटरचा गोठा पाळतो. धारा कवा काढतो?"

मंग मागच्या महिन्यात चार दिवस काय खरखरच नाय. लोणचं नाय, वही नाय. शनवारी दुपारी स्वराला घेऊन गेले तर काका दाढी वाढवून थोरल्यासमोर बसलेले. थोरला म्हंजे सातांतला सगळ्यात जुना, पिवळा पडलेला.

"उद्या नवी आवृत्ती पाठवायची आहे," ते बोलले. "प्रोग्रॅमवर माझ्याबरोबर काम करणारे लोक म्हणतात, थोरल्यावर नसेल चालत तर त्याचं नाव काढून टाका. असला कम्प्युटर आता जगात एकच माणूस वापरतो."

"कोन?"

"दूर एका बेटावर असतो. कधी भेटलो नाही. अठरा वर्षं झाली, नवी आवृत्ती गेली की त्याची एका शब्दाची चिठ्ठी येते. 'चाललं.' एकदा मी विचारलं, जेवलास का? वर्षानं उत्तर आलं, 'हो.'"

मी फसकन हसले. काका नाय हसले. "थोरला गेला की तोही गेला," बोलले.

मंग त्यांनी दाखवलं. सहा भाऊ बोलतात आजची भरती संध्याकाळी साडेसातला. थोरला बोलतो दुपारी दोनला. "दुपारी तर ओहोटी! म्हणजे सगळं उलटं. कुठेतरी अधिकच्या जागी उणे पडलंय. चार दिवस तेच शोधतोय."

भरती बोललं का माझी बोटं आपोआप चालतात. माझा बापूस उरनचा कोळी. तिथीची पाऊनपट केली का भरतीची वेळ, हे त्यानं मला होडीत बसवून शिकवलं. आज दशमी. दहाची पाऊनपट साडेसात. सहा भाऊ बरोबर. शाळेत मी आठवीला गणितात नापास, पन ह्यात कवा नाय.

"काका, हे उलटं नाय वो."

"काय?"

"भरती-ओहोटीत सव्वासहा तास. उलटं असतं तर सव्वाला दाखवलं असतं. हा दोन बोलतोय. साडेसातातून दोन गेले... साडेपाच." बोलले आनि मागं सरले. येवढ्या शिकलेल्या मानसाला मी काय सांगते!

"किती?" काका उभेच राहिले.

"चुकलं आसंल माझं..."

"साडेपाच! अगं, साडेपाच!" स्वरा दचकून रडायला लागली, पन काका थांबंनात. "जगाचं एक घड्याळ असतं, आपलं त्याच्या साडेपाच तास पुढे. थोरल्याला आपण पनवेलात आहोत हेच माहीत नाही! गावाच्या घड्याळाची माहिती बाकीच्यांकडे एका कपाटात, याच्याकडे दुसऱ्याच. तिकडे बघायला मी शिकवलंच नाही!"

"म्हंजे मिठाचा डबा?"

"मिठाचाच डबा!"

त्यांनी टकाटक काहीतरी लिवलं. थोरला मिक्सरसारखा घरघरला. अर्धा तास. मी एका कानात बोट घालून उभी, दुसऱ्या हातावर पोर. मंग पडद्यावर आलं साडेसात, आनि काकांनी स्वराला टाळी दिली.

ह्यांना सांगितलं तर बोलतात, "तू? मिक्सर लावताना तू डोळे मिटतेस!"

मंगळवारी दुपारी काका माझ्या दारात. हातात फोन. चिठ्ठी आलेली, इंग्रजीत. त्यांनीच वाचून दाखवली. "चाललं." आनि खाली, अठरा वर्षांत पहिल्यांदा, अजून एक ओळ. "जेवलास का?"

"मला विचारलंय त्यानं," काका बोलले.

"मंग? जेवलात का?"

"नाही अजून."

मी बसवलंच त्यांना. तांदळाची भाकरी नि सुकटीचं कालवन. खाऊन झाल्यावर त्यांनी खिशातून नवी चावी काढली, ताटाच्या बाजूला ठेवली.

"सकाळीच सगळ्यांच्या दारांना लावून बघितली. कुणाचं उघडत नाही, फक्त माझं उघडतं. तीन वर्षं बनवतोय, द्यायची कुणाला ते ठरत नव्हतं. तुझ्याकडे राहू दे. एखाद्या सकाळी माझा आवाज नाही आला तर येऊन बघ, चालतंय का."

चावी आमच्या देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला हाय. अजून लावायला लागली नाय, आनि नकोच लागायला. रोज सकाळी दहाला स्वराला कडेवर घेऊन मी जिन्यातूनच वरडते, "काका, चाललं?"

आतून आवाज येतो, एकदम खूश, "चाललं!"