मुंडकं नसलेली मासोळी

सौंसरच्या बाजारात मासोळी घ्यायची म्हणजे आधी तिचा कल्ला उघडून बघायचा. लाल दिसला तर पिशवी पुढे करायची, नाहीतर शेजारचा ओटा गाठायचा. विजयाच्या ओट्यावरच्या वीस मासोळ्यांना मात्र कल्लाच नव्हता, कारण मुंडकंच नव्हतं.

नागपूरच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला असलेल्या गौतमनं, तिच्या भाच्यानं, ही पेटी पाठवली होती. आफ्रिकेजवळच्या समुद्रातला हेक मासा, बर्फात गोठवलेला. शेजारच्या ओट्यावरचा चिंधू सकाळपासून हसत होता.

“वहिनी, सांजेपर्यंत वास मारीन हे.”

“सगळी विकल्याबिगर उठणार नाई मी,” विजया म्हणाली. तीस वर्षांत तिच्या ओट्यावर मासा नासला नव्हता. आज चिंधूच्या देखत तो नासणं तिला मरणाहून वाईट वाटत होतं.

नेहमीचे गिऱ्हाईक पुंडलिकराव आले. त्यांनी मासोळी उलटीपालटी केली.

“मुंडकं कुठी गेलं इचं?”

“जहाजावरच कापतेत काका. मंग बर्फात घालतेत.”

“मले शिकवून राहिली काय? शिळं खपवाचं असलं का मुंडकं कापतेत.”

दुपारपर्यंत सगळ्यांनी हेच ऐकवलं. बर्फ वितळू लागला आणि विजयाचं टाळकं सरकलं. टोपलीत तिचे तलावातले वीस ताजे रोहू होते. विळी ओढून तिनं त्यांची मुंडकी खचाखच कापली आणि एकेका हेकपुढे एकेक मांडलं.

“घ्या, किती मुंडके पाहिजेत?”

पुंडलिकराव पुन्हा ओट्याशी आले. कल्ला उघडून बघितला. लालभडक.

“रोहूचं हाये काका, सांगून ठेवते.”

“असू दे. लाल हाय ना? मंग झालं.”

तासाभरात पेटी रिकामी झाली. उरले ते वीस बिनमुंडक्याचे रोहू. ते विजयानं बर्फात दाबले. दुसऱ्या दिवशी मांडले तेव्हा चिंधू पुन्हा हसायच्या तयारीत होता.

पुंडलिकराव पहिलेच हजर, मागे अख्खी गल्ली.

“कालची जहाजाची दे. नातवानं एकही काटा न लागता खाल्ली.”

“ते संपली. हे तलावातले रोहू हायेत काका. काटे लय हायेत.”

पुंडलिकरावांनी कापलेल्या मानेवरून बोट फिरवलं आणि डोळे बारीक केले.

“मले शिकवून राहिली काय? मुंडकं नाई म्हंजे जहाजाचीच. दुसऱ्यासाठी लपवून राहिली तू.”

विजयानं तराजू उचलला. “बरं. पण काटे पाहून खाजा,” ती एवढंच म्हणाली.

शेजारी चिंधूनं विळी पुढे ओढली आणि आपल्या ताज्या कतला माशांची मुंडकी कापायला सुरुवात केली.