एकोणीसशे केसांचा हंगाम

दोन हजार अकराच्या जून महिन्यात गुरुदत्त रामदास धुरी याच्या डोक्यावर एकोणीसशे केस उगवले. हे वाक्य वाचकांनी इथेच विसरून जावं. गुरुदत्तच्या म्हणण्याप्रमाणे असं काही घडलेलं नाही, आणि घडलंच असेल तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर.

आपण आदल्या वर्षी जाऊ, जेव्हा ते डोकं मोकळं होतं. लालबागच्या विठाबाई चाळीत, दुसऱ्या माळ्यावर, धुरी बापलेक राहत. मुलगा पस्तीस वर्षांचा, अविवाहित, एका पतपेढीत कारकून. वडील रामदास बासष्टचे. ब्याऐंशी सालचा संप होईपर्यंत गिरणीत विणकर, आणि संपानंतर जमेल ते. मागून दोघं सारखेच दिसत. पुढून थोडा फरक होता. वडील जास्त टवटवीत दिसत.

चैत्रात भायखळ्याच्या भाजीबाजारात एका भाजीवालीने गुरुदत्तकडे बोट दाखवून रामदासना विचारलं, “हे तुमचे मोठे भाऊ काय?”

“होय,” रामदास म्हणाले.

बाहेर आल्यावर गुरुदत्तने विचारलं, “बाबा, होय कशाला म्हणालात?”

“तिका गिऱ्हाइकां होती. उगाच कित्याक खोळंबा?”

दुसऱ्या दिवशी गुरुदत्त कुणाला न सांगता केस लावायच्या दवाखान्यात गेला. दवाखाना एका टॉवरमध्ये चौथ्या मजल्यावर होता, आणि टॉवर त्याच जागेवर होता जिथे रामदासनी सोळा वर्षं माग चालवले होते. डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. मागचे एकोणीसशे केस एकेक करून काढायचे आणि पुढे लावायचे. त्यासाठी आधी सगळं डोकं भादरायचं. दहा दिवस घाम, ऊन, धूळ, गर्दी आणि वाकणं वर्ज्य. तीन आठवड्यांनी लावलेले केस गळतील, घाबरायचं नाही, मग सावकाश उगवतील.

“सीझन कुठला चांगला, मॅडम?”

“थंडी. पण तुम्हाला सोयीचा असेल तो घ्या.”

गुरुदत्तने भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून मांडीवर घेतलं. थंडीत चुलतभावाचं लग्न होतं, आणि फेटा बांधायला येणारा माणूस डोकं दोन्ही हातांनी दाबून बघतो. त्यानंतर पतपेढीचं इन्स्पेक्शन. शिमग्याला रंग. मे महिन्यात घाम. पावसाळ्यात चाळीच्या गॅलरीत डोक्यावर काय गळेल याची खात्री नाही. श्रावणात केस कापले तर समोरच्या खोलीतल्या रमाबाई कारण विचारणार. गणपतीत लालबागमध्ये राहून गर्दी टाळायची म्हणजे समुद्रात उभं राहून पाणी टाळायचं. नवरात्रात पुन्हा रमाबाई.

उरले पंधरा दिवस. पितृपक्ष. त्यात लग्न नाही, बारसं नाही, कुणी कुणाकडे जात नाही. दवाखानाही रिकामा होता. त्या पंधरवड्यात दवाखाना रिकामा का असतो, याचा विचार गुरुदत्तने केला नाही. वडील गणपतीला गावी गेले की म्हाळ आटपून दसऱ्याला परतत, म्हणजे खोलीही मोकळी. शेजारी काहीतरी सांगायला हवं म्हणून त्याने रमाबाईंना सांगितलं, “पाच दिवस नाशिकला चाललोय. ऑफिसचं काम.”

मुद्दाम विचार करून कुणाला इतकं चुकीचं गाव सुचलं नसतं.

पाचव्या दिवशी, बुधवारी, दवाखान्याजवळच्या लॉजमधून तो सैल टोपी घालून चाळीत आला. खोलीच्या दाराशी किल्ली खाली पडली. वाकायचं नाही म्हणून तो ताठ मानेने गुडघ्यांवर बसला, टोपी दाराच्या कडीला अडकली आणि तिथेच राहिली. समोर रमाबाई तांदूळ निवडत होत्या.

त्यांनी सूप खाली ठेवलं. पितृपक्ष, नाशिक आणि गुळगुळीत डोकं, असा तीन आकडी हिशोब त्यांनी बसल्या जागी सोडवला.

“गुरू,” त्या हळूच म्हणाल्या, “रामदासभावोजी?”

गुरुदत्तच्या लक्षात आलं. त्याने तोंडही उघडलं. पण तोवर रमाबाईंच्या मागे पलीकडच्या खोलीतली मालन आली होती, मालनच्या मागे तिची सासू दुर्गा, आणि तिसऱ्या माळ्याच्या कठड्यावरून चार डोकी खाली वाकली होती, चारही केसाळ. या सगळ्यांना “नाही हो, मी नवे केस लावून घेतलेत” एवढंच सांगायचं होतं. सात शब्द. ते घशापर्यंत आले, बाहेर बघितलं, आणि परत गेले.

त्याने मान खाली घालायचं ठरवलं. पण मान खाली घालणं वर्ज्य होतं, म्हणून तो वर बघत राहिला.

“वर बघतोय बिचारा,” दुर्गा म्हणाली.

पुढे गुरुदत्तने स्वतःची समजूत अशी काढली की आपण वडील गेल्याचं एकदाही म्हणालेलो नाही. हे खरं होतं. म्हणायची गरजच पडली नाही. चाळीचे सेक्रेटरी मनमोहन करंबेळकर यांचं अक्षर सुंदर होतं आणि जिन्याखालचा फळा बरेच दिवस कोरा होता. संध्याकाळपर्यंत त्यावर कै. रामदास धुरी ‘कर्तव्यकठोर, मनमिळाऊ व संपवीर’ झाले होते.

उपचाराची लक्षणं वेळेवर दिसू लागली. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे कपाळाची सूज खाली डोळ्यांवर उतरली.

“रडून रडून बघ काय अवस्था करून घेतलीय,” मालन म्हणाली.

“झोपत पण नाही. उशा मागे लावून बसलेला असतो,” रमाबाईंनी भर घातली.

“आणि न्हाव्याने केवढं कापलंय गं. पुढे सगळं लाल लाल. घाटावर गर्दी असली की अशीच घाई करतात,” दुर्गा म्हणाली.

“मिशी कशी ठेवलीय पण?” मनमोहनरावांनी शंका काढली.

“आता ठेवतात,” रमाबाई म्हणाल्या. “आता कोण एवढं बघतंय?”

सुतकाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून तीन घरांतून पिठलंभात येऊ लागला. गुरुदत्तला लाज वाटत होती, आणि भूकही लागत होती. पहिल्या दिवशी त्याने एका घरचा खाल्ला. तिसऱ्या दिवशी तो दुर्गाकडच्या पिठल्याला लसूण कमी आहे असं मनात म्हणाला, आणि त्याची त्याला पिठल्यापेक्षा जास्त लाज वाटली. वडील परत यायच्या आत चाळीला खरं सांगायचं, हे त्याने रोज सकाळी ठरवलं. दसरा लांब होता.

शनिवारी मनमोहनरावांनी बाराव्याची चौकशी करायला धुरींच्या गावच्या दुकानात फोन लावला. फोन एका माणसाने उचलला.

“रामदास धुरींचं बारावं कधी आहे हो?”

“माका काय्येक ठाऊक नाय,” तो माणूस म्हणाला. “थांबा, मी येऊनच बघतंय.”

“भाऊ असावा,” मनमोहनराव सगळ्यांना म्हणाले. “आवाज अगदी तसाच.”

रविवारी सकाळी शोकसभा ठेवली. गणपतीचा मांडव अजून सोडायचा होता, तोच वापरला. फोटोचा प्रश्न आला. धुरींच्या घरात एकच फोटो होता, कुणाच्या तरी लग्नातला, बापलेक शेजारी शेजारी. मनमोहनरावांनी त्यातला एक चेहरा मोठा करून आणला, चौकट घातली आणि वर झेंडूचा हार चढवला.

तो गुरुदत्तचा चेहरा होता.

गुरुदत्त स्वतःच्या हार घातलेल्या फोटोसमोर सतरंजीवर बसला. माणसं येत होती, फोटोला नमस्कार करत होती. “शेवटी शेवटी फारच थकले होते,” एक बाई म्हणाली. गुरुदत्तने त्यावरही काही म्हटलं नाही. आपण वडिलांना मारलं तेव्हा बोललो नाही, मग स्वतःसाठी कशाला बोलायचं, असं त्याला वाटलं.

माधव तांबे बोलायला उभे राहिले. ते रामदासच्या शेजारच्या मागावर होते आणि संपात दोघांनी एकाच पाटीत भाजी विकली होती.

“रामदासची एक गोष्ट सांगतो. त्र्याऐंशी साल. घरात पोरगा आठ वर्षांचा, ताटात नुसती पेज. परळच्या एका गोदामात वॉचमन पाहिजे होता, वय तिसाच्या आत. रामदास पस्तीसचा, टक्कल पडलेलं. तर त्याने टकलाला बूटपॉलिश लावलं आणि गेला. मे महिना. साहेबासमोर उभा, आणि कपाळावरून काळे ओघळ. साहेब म्हणाला, हे काय? तर हा म्हणतो, गिरणीचं तेल आहे साहेब, वर्ष झालं तरी उतरतंच आहे.”

माणसं हसली आणि लगेच गप्प झाली. गुरुदत्तने ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. त्याच्या सुजलेल्या डोळ्यांना पहिल्यांदाच खरं पाणी आलं.

“पॉलिश नाय रे माधव,” मागून आवाज आला. “काजळी होती. स्टोची. पॉलिशाक पैसे खंय होते?”

शेवटच्या खुर्चीवर, मांडीवर एसटीतून आणलेली पिशवी घेऊन, कै. रामदास धुरी बसले होते. ते अर्धा तास तिथेच होते. मांडवात शिरताना त्यांना हार घातलेला मुलाचा फोटो दिसला, फोनवर नाव चुकीचं सांगितलं असं वाटलं, आणि सापडली त्या खुर्चीवर ते बसले. माधव बोलायला लागल्यावर त्यांना कळलं की गेलेला माणूस आपण आहोत. त्यानंतर त्यांना बरं वाटलं.

दुर्गाने पदर तोंडात धरला. मनमोहनरावांनी आधी फोटोकडे, मग रामदासांकडे बघितलं. फोटो चुकलाय हे त्यांना आत्ता कळलं.

“गुरू,” रमाबाई म्हणाल्या, “मग तू डोकं कशाला भादरलंस?”

सगळी चाळ त्याच्याकडे वळली. सात शब्द पुन्हा घशापर्यंत आले. रामदास पिशवी सांभाळत पुढे आले आणि मुलाच्या डोक्याकडे बघू लागले. अगदी जवळून, हात न लावता, गिरणीत ताग्यातला दोष शोधत तसं. त्यांच्या नजरेने एक रांग धरली, दुसरी धरली. मग ते सरळ झाले.

“माझो नवस होतो,” ते म्हणाले. “संपात बोललेलंय. गिरणी चालू झाली तर झिलाचे केस देईन.”

“पण गिरणी कुठे चालू झाली?” मनमोहनराव म्हणाले.

“नाय झाली. अठ्ठावीस वर्सां देव तरी किती वाट बघतलो? म्हटलं, फेडून टाक.”

मनमोहनराव फोटोवरचा हार उतरवायला गेले.

खोलीत आल्यावर रामदासनी दार लावलं. “खंय केलंस?”

“गिरणीच्या टॉवरमध्ये. चौथ्या मजल्यावर.”

“चौथ्या?” त्यांनी थोडा विचार केला. “आमच्या येळेक थंय आकाश होता.” मग पुन्हा डोक्याकडे बघून ते म्हणाले, “काम बरा आसा. डावीकडे दोन धागे तुटलेत, पण बरा आसा.”

“बाबा, मी त्यांना बोललो नाही काहीच. तुमच्याबद्दल. नुसता गप्प बसलो.”

“मी पण तुका काजळीचा कधी बोललंय?” ते पिशवीतून कोकमं काढत म्हणाले. “मी मे महिन्यात केलंय, तू भादव्यात. आपल्याक सीझन जमणा नाय, एवढाच.”

तिसऱ्या आठवड्यात लावलेले केस गळले. जूनपर्यंत सगळे उगवले, आणि विठाबाई चाळीतल्या अकरा टकल्या पुरुषांनी ठरवलं की नवस पावला. ते एकेकटे, जिन्यात गाठून, देव कुठला ते विचारू लागले. रामदास सांगत, “चौथ्या माळ्यावर बसता.” गुरुदत्तला मात्र कुणी केसांबद्दल विचारलं की तो म्हणतो, कसले केस.

त्याच महिन्यात रामदासनी त्याला समोर बसवून एक अर्ज लिहून घेतला. भाषा प्रमाण हवी म्हणून गुरुदत्तने ती प्रमाण केली, आणि एवढी एकच गोष्ट त्याने त्या वर्षात न लाजता केली. तो अर्ज असा:

“मा. सेक्रेटरी, विठाबाई चाळ समिती, यांस. विषय: अपूर्ण शोकसभेबाबत. महोदय, गतवर्षी पितृपक्षात माझ्या निधनानिमित्त झालेल्या सभेत श्री. माधव तांबे यांचे माझ्याविषयीचे भाषण, मी उपस्थित झाल्याकारणाने, मध्येच थांबले. माझ्याविषयी कोणी सभेत बोलण्याची ही पहिलीच वेळ होती व पुढील भाग ऐकण्याची माझी इच्छा आहे. तरी सदर सभा, मी हयात असतानाच, उर्वरित कार्यक्रमासह पुन्हा घेण्याची परवानगी मिळावी. या वेळी फोटो माझा लावावा. सभेस शोभा यावी म्हणून माझा मुलगा डोके पुन्हा भादरण्यास तयार आहे. त्यासाठी वर्षातील योग्य हंगाम कोणता, हे समितीने ठरवून लेखी कळवावे, ही विनंती.”