कपाळावरचा लेप

एका जंगलात कुठल्याच बाईचं कमरेखाली काही दुखत नसे. तशी रीतच नव्हती.

बाळांनो, म्हणजे लग्नं झालेल्या बाळांनो, नीट ऐका.

तिथे बाईने दुखणं कुठलंही असो, "डोकं दुखतंय" एवढंच म्हणायचं. मग सासूने ते अस्वलवैद्यांच्या कानावर घालायचं. वैद्यांनी सुंठीचा लेप द्यायचा. निम्म्या जंगलाची कपाळं कायम माखलेली असत. "आमच्या बायकांची डोकी जरा नाजूकच," असं पुरुष कौतुकाने सांगत.

सगुणा साळिंदरीचं डोकं तिसऱ्या बाळंतपणानंतर दुखू लागलं. नवरा जवळ आला की आतून कुणी चिरावं तसं व्हायचं. पुढे पुढे मनच मागे सरलं. त्याची चाहूल लागली तरी अंग आकसायचं. आणि नवरा तर तिला आवडत होता. पंचाईत तीच होती.

"माझे काटे टोचतात का गं?" गेनू साळिंदराने विचारलं. तो बिचारा काटे चापूनचोपून येऊ लागला. तरी तेच. शेवटी तो मामाच्या बिळात झोपायला गेला.

"तुला त्रास नको," म्हणाला.

सगुणाला त्याचाच जास्त त्रास झाला. असंच चाललं तर तो तिकडचाच होईल, ही धास्ती लेपाने जाईना.

त्याच सुमारास अस्वलवैद्य मध काढताना सुजले. त्यांच्या जागी कासवाक्का आल्या. सासूबाई सगुणाला घेऊन गेल्या.

"हिचं डोकं दुखतं," सासूबाई म्हणाल्या.

"कधी दुखतं?" अक्कांनी सगुणाला विचारलं.

सासूबाई समोरच्या पळसाकडे बघू लागल्या. सगुणा अक्कांच्या कानाशी वाकली.

"हे जवळ आले की."

"मग त्यात डोकं कुठून आलं, पोरी?"

सगुणाने सगळं सांगितलं. मग हळूच विचारलं, "कापावं लागेल का हो?"

"काही कापायचं नाही. बाळंतपणानंतर आत कोरडं पडतं, स्नायू धास्तीने आखडतात. मी तपासते. मग साधं तेल देते. आणि रोज निवांत पडायचं, पोटातून श्वास घ्यायचा आणि खालचं अंग सैल सोडायला शिकायचं. आठवड्यात गुण मागू नकोस, मी कासव आहे."

"आणि मन?"

"मन दुखण्याला भ्यालंय. दुखणं गेलं की येईल. नाही आलं तर पुन्हा ये, बोलू. येताना नवऱ्याला आण. 'थांब' म्हटलं की थांबायचं, एवढं एकच औषध त्याला आहे."

गेनू आला. कान लाल होईपर्यंत ऐकलं. दोन पौर्णिमा गेल्या आणि त्याने मामाच्या बिळातलं आपलं अंथरूण उचललं. सगुणाने कपाळ धुतलं.

ते धुतलेलं कपाळ बघून अक्कांच्या दारी रांग लागली. सगळ्यात मागे, पदर ओढून, सासूबाई उभ्या होत्या.

"तुमचं काय दुखतं?" अक्कांनी विचारलं.

"डोकं," सासूबाई म्हणाल्या. इकडेतिकडे पाहिलं. "तीस वर्षं झाली."

तात्पर्य: बायकांनी आपलं दुखणं खरं सांगू नये. त्या बऱ्या होतात, आणि मग जंगलातल्या पुरुषांना 'थांब' ऐकावं लागून त्यांची डोकी दुखू लागतात. सुंठीचा लेप अस्वलवैद्यांकडे पुष्कळ शिल्लक आहे.