गंगव्वा आन माझे बधिर पाय

आमच्या शेजारच्या गंगव्वानं एकदा गूळ धुतला. सबंद खडा बादलीत बुडवून घासला, आन तो बादलीतच हरवला. मंग दुकानदारालाच भांडली, "कसला कच्चा गूळ देतोस रं?"

लोहाऱ्यात आमची भिंतीला भिंत. गंगव्वा लिंगायत वान्याची, इधवा, एकटी. बोलनं अर्दं कानडी. मीठ सोडून सगळं धुवायची. दाराची कडी, काड्याची पेटीसुद्दा. मंग काडी पेटंना म्हनून आमच्याकडं इस्तू मागाय यायची, तो बी उंबऱ्याभाईरून. "तोळी, तोळी!" म्हंजी धू, धू. लेकरं तिला तोळीव्वाच म्हनायची.

तवा निजाम जाऊन बरीच वर्सं झालती. माझं तान्हं गेलं आन मी बोलायची बंद झाले. जेवन न्हाय, झोप न्हाय. मालकांनी सोलापूरला दाक्तरला दावलं. त्यानं मनाला उभारी यायची नवी गोळी दिली. त्या गोळीचे उपकारच म्हनते. मी उठले, चूल पेटवली, शेजारनीशी भांडले बी. पर काई महिन्यानं तळपाय बधिर झाले. चप्पल रस्त्यात निसटायची, मला पत्ता न्हाय.

गल्ली म्हनाली, महारोग. सासूनं माझं अंथरून गोठ्यात टाकलं.

मालकांनी परत सोलापूरला नेलं. दाक्तर म्हनला, "महारोग न्हाय. गोळीनं शिरा दुखावल्यात, क्वचित कुनाला होतं. गोळी बंद करा. जान यील हळूहळू, पर पायाला जखम हू देऊ नका."

सासू म्हनली, "जान आली की घरात ये."

दुसऱ्या दिशी सांजच्याला गंगव्वा घागर घिऊन शेनातनं सरळ गोठ्यात आली. "पाय काड." मांडीवर घिऊन धुतले, काटे हुडकले.

"आवो, गल्ली काय म्हनंल?"

"गल्ली धुवाय मला येळ न्हाय."

रोज आली. एका सांजंला सुईनं बाभळीचा काटा उकरत हुती, आन मी वरडले, "आई गं!"

"काय झालं?"

"दुकतंय की ओ!"

"खरं?" परत टोचलं.

"आवो, मारताव का काय!"

गंगव्वा तशीच गल्लीत पळाली. "पारूला दुकतंय! आयका ओ, पारूला दुकतंय!" मानसं भाकर टाकून भाईर आली.

सासूनं माझं अंथरून उचलून घरात नेलं. गंगव्वा परत यिऊन पदर तोंडाला लावून बसली.

"आता का रडताव?"

"माझ्या थोरल्या भनीला असंच भाईर टाकलं हुतं. मी ल्हान. मला तिच्याकडं जाऊ दिलं न्हाय."

म्या सरकून तिला जागा दिली. अंथरून गेलतं, तरी आमी दोगी बराच येळ गोठ्यातच बसलो.