आबाजींच्या बिनसनदी बंदुकीची पाठवणी

श्री. बंदुकीच्या घोड्यावर हळदीकुंकवाचा जो थर आहे तो जाडीने नखाएवढा असून, जवळून पाहिल्यास त्यात एक पिवळी रेघ, मग तांबडी, मग पुन्हा पिवळी, ऐशा रेघा झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे एकावर एक दिसतात. पिवळी-तांबडी मिळून एक दसरा, आणि एक दसरा म्हणजे एक टाळलेला निर्णय. घोडा त्या थराखाली केव्हाच जाम होऊन बसला. हे प्रथम नोंदून, कर्जत मुलुखी कोंडाण्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या वाडीत जो बाका प्रसंग गुदरला, तो जैसा घडला तैसा, पदरचे काही न घालता येथे लिहिला आहे.

राजश्री आबाजी, भातखाचरांचे धनी, यांच्या शेतावर पूर्वी रानडुकरांची स्वारी वरचेवर होई. गनिमाने डोंगर उतरावा, पोटरीतले, लोंबी धरणारे भात लोळवावे आणि उजाडण्याआधी पसार व्हावे, ऐसा त्याचा शिरस्ता होता. मग आबाजींनी खोपोलीस कूच करून, कारखान्यावरच्या एका निवृत्त पहारेकऱ्याकडून ही ठासणीची बंदूक खरेदी केली. विकणाराने कागद दिला नाही, घेणाराने मागितला नाही, दोघांनी उभ्याउभ्या चहा घेतला आणि व्यवहार पुरा जाहला. बंदूक उभ्या हयातीत एकदाच उडाली. डुक्कर सुखरूप निघून गेले आणि चुलतबंधू सहदेवराव यांच्या अंगणातील पाण्याची काळी टाकी जायबंदी जाहली. तिचे ठिगळ आजही दिसते, आणि सहदेवराव येणाऱ्याजाणाऱ्यास ते आवर्जून दाखवतात.

तेव्हापासून बंदुकीस लढाईची कामगिरी नाही. ती भाताच्या कणगीमागे मुक्कामास असे आणि दसऱ्यास कोयता, विळा, नांगराचा फाळ यांच्या पंगतीत पाटावर बसून पूजा घेई. परवान्याचा विषय निघाला की आबाजी फर्मावीत, “दसरा व्हऊ दे, मग बगू.” आणि दसरा जाहला की घरचा कायदा आडवा येई, तो ऐसा की, पुजलेले हत्यार घराबाहेर देऊ नये.

ऐशात नात समिधा हिने धावणे, गोळाफेक आणि लेखी परीक्षा हे तिन्ही गड सर करून पोलीस भरतीत नाव मिळवले. वाडीत जल्लोष जाहला, पेढे वाटले, आणि मग ठाण्यातून फोन आला की, सोमवारी चारित्र्य पडताळणीस हवालदार घरी येतील, घरातील वडील मंडळींनी हजर राहावे. आबाजींच्या पत्नी विमलबाई यांची नजर आपोआप कणगीकडे गेली आणि हातातला पेढा हातातच राहिला.

तत्काळ मसलत बसली. विमलबाईंचे भाचे कमलेश, खालापूरच्या कोर्टातील वकील, मोटारसायकलीवर दौडत कुमकेस आले. सहदेवरावांनी, कोणी न विचारता, मसुदे मांडले की, बंदूक नदीत सोडावी, अथवा खळ्यात पुरावी, अथवा चौक गावच्या आपल्या धाबेवाल्या साडूकडे ठेवावी, त्याच्याकडे भांडी इतकी की त्यात कोणास दिसणार नाही. कमलेशरावांनी तिन्ही मसुदे फेटाळले.

“मामा, बिनपरवाना विकत घेतलीत तो गुन्हा. घरात ठेवलीत तोही गुन्हा. नदीत टाकलीत तर पुरावा नाहीसा केलात. साडूकडे दिलीत तर तोही अडकला. आणि उद्या पिशवीत घालून ठाण्यात जमा करायला निघालात, तर वाटेत बिनपरवाना हत्यार बाळगलंत म्हणून धरतील.”

“म्हंजे ठेवायची नाय, टाकायची नाय, न्यायची पन नाय?” सहदेवराव वदले. “ही बंदूक हाय का जावई?”

मग वकिलांनी एकच वाट खुली असल्याचे जाहीर केले. धन्याने स्वतः ठाण्यास फोन करून कबूल करावे, पोलिसांनी येऊन पंचनामा करून हत्यार न्यावे. खटला भरतील किंवा न भरतील, ते त्यांच्या हाती, पण आपण होऊन दिली याची किंमत राहते. सोमवारी कणगीमागे सापडली तर आबाजी जातीलच, आणि पोरीची वर्दीही धोक्यात येईल.

आबाजींनी कणगीमागची बंदूक पुढे घेऊन तीवर हात ठेवला. मग म्हणाले, “पुजलेली हाय रं ती.”

तेव्हा समिधेने आजोबांसमोर उभे राहून खुलासा केला, “आबा, सोमवारी हवालदारानं विचारलं तर मी खोटं बोलनार नाय. आणि ती घरात राहिलीच, तर वर्दी चढली की पयली धाड मी हितंच घालीन.”

“आणि बेड्या?” आबाजींनी पुसले.

“त्या पन मीच घालीन. तुमाला सैल घालीन.”

सगळे हसले, पण आबाजींचा हात बंदुकीवरून हलेना, आणि मोहीम तेथेच अडली. तेव्हा वज्रचुडेमंडित विमलबाई यांचे लक्ष ओसरीवरील मखराकडे गेले. गौरी-गणपती परवाच गेले होते आणि चौरंग रिकामा होता. बाईंनी हुकूम सोडला तो असा: “अवो, देवाला पुजतो, आनि उत्तरपूजा करून पाठवतो ना आपन? मंग हिला काय सोनं लागलंय? चौरंगावर ठेवा तिला.”

या युक्तीस वकील, बंधू आणि खुद्द घरचा कायदा यांनी कौल दिला. बंदूक रिकामी असल्याची खात्री कमलेशरावांनी दोनदा केली. मग तिला चौरंगावर बसवून जास्वंद वाहिले, दहीपोह्यांचा नैवेद्य दाखवला, आरती ओवाळली, अक्षता टाकल्या आणि आबाजींनी दोन्ही हातांनी तिला जागेवरून किंचित हलवले. विधी यथासांग जाहला. इतक्यात सहदेवराव सवयीने गरजले, “पुढच्या वर्षी लवकर या!”

“भावजी!” विमलबाई कडाडल्या. “हिला नका बोलावू परत.”

उरले काम एकच. वाडीत मोबाइलला रेंज फक्त सहदेवरावांच्या अंगणात, टाकीपाशी मिळते. सबब सर्व लवाजमा तेथे रवाना जाहला, आणि आबाजी नेमके त्या ठिगळासमोर उभे राहिले. समिधेने नंबर लावून फोन त्यांच्या हाती दिला. पलीकडून आवाज आला, “हां, बोला.” आबाजींनी ठिगळाकडे पाहिले, नातीकडे पाहिले, आणि फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर नेला.

“बोल रं आबा,” सहदेवराव हळूच म्हणाले, “टाकी फोडलीस तवा आवाज लय मोठा व्हता.”

येणेप्रमाणे भाद्रपद शुद्धात, भाताच्या लोंब्या निसवण्याच्या सुमारास, एकही बार न उडता ही मोहीम फत्ते जाहली. दसऱ्यामागून दसरे जो निर्णय हळदीखाली झाकून होता, तो राजश्री आबाजींनी स्वमुखे, अंगणातील सर्वांस ऐकू जाईल ऐशा आवाजात उच्चारला, तो अक्षरशः असा:

“सायेब, कोंडाण्याखालच्या वाडीतनं आबाजी बोलतोय. माझ्या घरात बंदूक हाय, कागद नाय. मीच घेतल्याली. या, घेऊन जा.”