नेटवर पहिला नंबर

मंडळी, नेटवर नुसतं 'कर्तबगार नेता' टाका, पहिला फोटो माझा येतो! थापा नाहीत. रोज सकाळी बायकोचा चहा येईपर्यंत मी स्वतः टाकून बघतो आणि आनंदानं त्या फोटोवर बोटही दाबतो.

म्हणूनच धर्मापुरीच्या फाट्यावर मी भलंमोठं डिजिटल बॅनर लावलं: 'नेटवर पहिला नंबर! भावी पंचायत समिती सदस्य बजरंगराव!' आमचे तालुक्याचे पुढारी राधाकिशनअण्णा ते वाचून थेट घरी आले. उमेदवारी त्यांच्या हातात. इतकी वर्षं त्यांच्या सभांच्या सतरंज्या उचलल्या, आता नाही मिळाली तर जन्म फुकट!

"बघू तरी," म्हणत अण्णांनी स्वतःच्या फोनवर 'कर्तबगार नेता' टाकलं. पहिला फोटो अण्णांचा! फेट्यासकट!

"बराबर हाय की!" अण्णा खुलले. मग त्यांनी माझा फोन बघितला आणि कारलं खाल्ल्यासारखं तोंड केलं. "माज्या वर बसलास बे?"

"न्हाई अण्णा, फोनची चूक हाय..."

"मंग डिजिटल कावून लावलं?"

तेवढ्यात शेळ्या घेऊन सटवा दारावरून चालला होता. अण्णांनी त्यालाच पंच केलं. सटवानं स्वतःच्या फोनला तेच तोंडी विचारलं. पहिला आला उस्मानाबादी बोकड! दुसरा, तिसरा, सगळे बोकडच!

"लई देखना हाय," सटवा म्हणाला. अण्णांनी कपाळाला हात लावला.

मी शेवटचा डाव टाकला. "वनमाला, तुजा फोन आण!" सख्खी बायको, तिचा फोन तरी दगा देणार नाही! तर त्यावर निघाली वनमालाच. बचत गटाच्या पापडाच्या व्हिडिओत, भोवती गावातल्या झाडून साऱ्या बायका!

"अवो, ज्याला जे बघायचा नाद, त्याला फोन तेच दावतो," ती चहा ठेवत म्हणाली. "तुमी रोज तुमालाच बघताव!"

अण्णांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांना त्या बायकांची मतं दिसत होती.

"वयनी, उमेदवारी तुमाला!"

डिजिटलवर आता तिचा फोटो आहे. प्रचाराला माझा फोनही तिच्याकडेच असतो. दिवसभर त्यावर ती लोकांना स्वतःचे व्हिडिओ दाखवते. काल सकाळी मी तो हळूच उचलला आणि 'कर्तबगार नेता' टाकलं.

पहिला फोटो वनमालाचा! माझ्या फोननंसुद्धा पाठिंबा काढून घेतला! आतून तिची हाक आली, "अवो, प्रचाराच्या बायका आल्यात!"

उठलो आणि चहा ठेवला. दुसरं काय करणार!